दूध, गुप्तता आणि नोंदवही : महाराष्ट्रातील बालहत्या प्रतिबंधक गृहांतील संगोपनाचा इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात निघालेल्या बालहत्या प्रतिबंधक गृहांचा इतिहास आजवर प्रामुख्याने समाजसुधारणेचा इतिहास म्हणून लिहिला गेला, आणि त्यामुळे त्यात संस्थापकांचे धैर्य, सनातन्यांचा विरोध आणि विधवांची दैन्यावस्था यांना जेवढी जागा मिळाली तेवढी त्या गृहांत जन्मलेल्या किंवा त्यांच्या दाराशी सोडून दिलेल्या मुलांच्या रोजच्या जगण्याला मिळाली नाही. जन्मल्यावर मुलाला पहिले दूध कोणी पाजले, रात्री ते रडत उठले तर त्याला कोणी उचलून घेतले, देवी-गोवराच्या साथीत त्याच्या उशाशी कोण बसले आणि शाळेत घालताना त्याच्या नावापुढे कोणाचे नाव लावले, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. परंतु त्यांची उत्तरे शोधू लागले की या संस्थांचे स्वरूपच वेगळे दिसू लागते. मूळ योजनेत ही गृहे आईची अब्रू राखण्यासाठी उभी राहिली होती आणि मुलाचे घर होणे हे त्यांच्या वाट्याला नंतर आले. ते ज्यांच्यामुळे आले त्या दाया, आया, स्वयंपाकिणी आणि आश्रित विधवा यांची नावे मात्र कोणत्याही चरित्रग्रंथात सहसा सापडत नाहीत.

या गृहांच्या जन्मामागे कळवळ्याइतकाच फौजदारी कायदाही होता, हे आधी ध्यानात घ्यावे लागते. १८६० साली मंजूर होऊन १८६२ च्या जानेवारीपासून अमलात आलेल्या भारतीय दंड संहितेने गर्भपात घडवून आणणे, बारा वर्षांखालील मूल उघड्यावर टाकून देणे आणि मृत अर्भकाची गुपचूप विल्हेवाट लावून जन्म लपवणे हे तीन वेगवेगळे गुन्हे ठरवले. मूल टाकणाऱ्यास सात वर्षांपर्यंत आणि जन्म लपवणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके, आणि अर्भकाला मारल्याचे सिद्ध झाल्यास तो सरळ खूनच मानला जाई. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला होता खरा, पण तो कागदावर. ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या इतर जातींत बालविधवेचे वपन करून, म्हणजे डोक्यावरचे केस उतरवून, तिला आलवण, म्हणजे विधवेचे लाल लुगडे, नेसवून घराच्या माजघरात राबवण्याची रीत पूर्वीप्रमाणेच चालू राहिली. त्याच घरातल्या किंवा शेजारच्या पुरुषाकडून तिला दिवस गेले तर चित्रकाच्या मुळीसारखे जहाल औषध घेणे, विहीर जवळ करणे किंवा जन्मलेल्या मुलाचा गळा दाबणे यांपलीकडे तिच्यापुढे वाट नसे, आणि यांपैकी कोणतीही वाट धरली तरी कायद्याच्या कचाट्यात सापडे ती तीच. त्या पुरुषाचे नावही सहसा पुढे येत नसे.

१८६३ साली पुण्यात घडलेल्या काशीबाईच्या प्रकरणाने हे सारे उघड्यावर आणले. जोतीराव फुले यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या घरी स्वयंपाकाला असलेल्या या तरुण ब्राह्मण विधवेला शेजारच्या एका शास्त्र्यापासून गर्भ राहिला. तो पाडण्याचे उपाय फसल्यावर तिने जन्मलेल्या मुलाला मारून विहिरीत टाकले, प्रेत सापडले, खटला उभा राहिला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. त्याच साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी पुण्यातील आपल्या राहत्या घराच्या आवारात बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. विधवांनी तेथे येऊन गुप्तपणे आणि सुखरूपपणे बाळंत व्हावे, मूल बरोबर न्यावे की तेथेच ठेवावे हे त्यांनी आपल्या खुशीने ठरवावे आणि ठेवलेल्या मुलाचा सांभाळ संस्था करील, अशा अर्थाच्या जाहिराती शहरात भिंतींवर लावण्यात आल्या. या मजकुराचे महत्त्व त्यातल्या क्रमात आहे : आधी गुप्तता, मग सुखरूप बाळंतपण, मग आईची मर्जी आणि सर्वांत शेवटी मूल. त्या काळच्या परिस्थितीत हाच क्रम योग्य होता, कारण गुप्ततेची हमी नसती तर एकही स्त्री त्या दारापर्यंत आली नसती आणि ती आली नसती तर मूलही वाचले नसते.

तरीही वाचलेली मुले किती थोडी होती हे जोतीरावांनीच नोंदवून ठेवले आहे. समाजसुधारक बेहरामजी मलबारी यांनी बालविवाह आणि सक्तीचे वैधव्य यांविषयी काढलेल्या टिपणांवर १८८४ च्या डिसेंबरात मत देताना त्यांनी लिहिले की तोवर पस्तीस गर्भवती विधवा या गृहात येऊन बाळंत झाल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच तेव्हा हयात होती, आणि बाकीची तीस गर्भावस्थेतच आईने घेतलेल्या विषारी औषधांच्या परिणामामुळे दगावली. सुधारणेच्या इतिहासात हा आकडा सहसा विधवांच्या दुःखाचा पुरावा म्हणून दिला जातो, आणि तो तसा आहेच. परंतु संगोपनाच्या दृष्टीने पाहिले तर एकवीस वर्षांत त्या आवारात तीस वेळा लहान देह उचलला गेला आणि दरवेळी त्याआधी काही तास, काही दिवस किंवा काही महिने कोणीतरी त्या मुलाची शुश्रूषा केली होती, असा त्याचा अर्थ होतो. ते काम प्रामुख्याने सावित्रीबाईंचे होते. मुलींची पहिली शिक्षिका म्हणून त्यांचा गौरव करताना त्यांच्या आयुष्यातील या दुसऱ्या कामाचा उल्लेख ओझरताच होतो, वास्तविक ते अधिक दीर्घकाळ चाललेले आणि अधिक शिणवणारे होते.

त्या काळी नवजात अर्भक वाचवणे किती अवघड होते याची कल्पना आज सहज येत नाही. नाळ विळीने वा हाताशी असेल त्या धारेने कापावी, तिच्यावर राख किंवा शेण लावावे, अशी सर्रास रीत होती, आणि त्यातून होणारा धनुर्वात साधारणपणे पहिल्या आठवड्याच्या सुमारास मुलाला गाठी. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई मुलाचे नशीब लिहायला येते आणि त्या रात्री घरातल्या बायांनी जागे राहावे, ही समजूत ज्या भयातून टिकून राहिली त्या भयाला असा प्रत्यक्ष आधार होता. त्यातून मूल निभावले तर प्रश्न दुधाचा. आईचे दूध नसेल तर गाईचे किंवा शेळीचे दूध पाण्याने पातळ करून, किंचित साखर घालून, बोंडल्याने, म्हणजे निमुळती चोच असलेल्या लहानशा भांड्याने, थेंबाथेंबाने पाजावे लागे. एका मुलाला एका वेळी पोटभर पाजायचे तर कोणीतरी त्याला मांडीवर आडवे घेऊन, मान हातावर तोलून, घोट गिळल्याची खात्री करून पुढचा घोट द्यायचा, ठसका लागला तर उताणे न ठेवता कुशीवर वळवायचे, आणि हे दिवसरात्र मिळून आठ-दहा वेळा करायचे. जंतूंमुळे रोग होतात हे ज्ञान अजून दाईपर्यंत पोचलेले नव्हते. बोंडले उकळत्या पाण्यातून काढले नाही किंवा सकाळचे दूध उन्हाळ्यात दुपारी तसेच पाजले की हगवण सुरू होई आणि दोन दिवसांत मुलाचे डोळे खोल जात. वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड उगाळून दिलेली गुटी, अंगाला तेल लावून घातलेली आंघोळ, ओव्याची धुरी आणि घट्ट बांधलेले दुपटे हे सारे घरोघरचे ज्ञान येथेही कामी येत असणार. पण जे मूल पोटातच विषाने खंगले होते त्याला या साऱ्यातून तारून नेणे घरातल्या अनुभवी आजीलाही जमले नसते.

येथेच या गृहांच्या रचनेतील खरा पेच दिसतो. मुलाचा जीव वाचण्याची सर्वांत मोठी आशा आईच्या दुधात होती, आणि आईची अब्रू वाचण्याची सर्वांत मोठी आशा ती लवकरात लवकर आपल्या गावी परतण्यात होती. यात्रेला किंवा नातलगांकडे गेलेली विधवा दोन-तीन महिने दिसली नाही तर चालून जाई, पण सहा-आठ महिने दिसली नाही की गावात कुजबुज सुरू होई. शिवाय दूध भरलेल्या स्तनांनी परतलेली बाई शेजारणींच्या नजरेतून सुटणे कठीण होते. मुलाला अंगावर पाजत राहिले तर माया जडे आणि निघताना पाऊल उचलत नसे, न पाजले तर मूल हाती लागत नसे. गुप्तता आणि दूध यांची ही ओढाताण कोणत्याही नियमावलीने सुटण्यासारखी नव्हती. ती प्रत्येक बाईपुरती, प्रत्येक मुलापुरती, तेथे असलेल्या स्त्रियांनी आपापल्या समजुतीने सोडवली, आणि आई निघून गेल्यावरचा सारा भार ज्यांनी उचलला त्यांच्यामुळेच बाळंतपणाच्या या आडोशाचे हळूहळू मुलांच्या घरात रूपांतर झाले.

फुले दांपत्याने आपल्या गृहात जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला, यशवंताला, १८७४ च्या सुमारास आपले मूल मानले, ही घटना सर्वश्रुत आहे. मात्र तिची कायदेशीर बाजू क्वचितच विचारात घेतली जाते. तत्कालीन हिंदू कायद्यानुसार दत्तक देण्याचा अधिकार केवळ जन्मदात्या बापाला किंवा आईला होता, प्रत्यक्ष देणे-घेणे हा त्या विधीचा प्राण होता, आणि घेणारा व दिला जाणारा एकाच वर्णाचे असावेत अशी अपेक्षा होती. यशवंताचा बाप पुढे येणार नव्हता आणि जातीची अट तर मुळातच मोडली होती. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून ते नोंदवून ठेवले आणि त्यात यशवंतास वारस नेमले, याचे कारण या अडचणीत शोधता येते : शास्त्र ज्याला पुत्र मानायला तयार नव्हते त्याला त्यांनी सरकारी नोंदणीच्या बळावर पुत्र केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीरावांचे निधन झाले तेव्हा भाऊबंदांनी यशवंताने टिटवे धरण्यास, म्हणजे प्रेतयात्रेपुढे अग्नीचे मडके घेऊन चालण्यास, हरकत घेतली आणि सावित्रीबाईंनी ते स्वतःच्या हाती घेतले. यशवंत पुढे डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याजवळ ससाणे यांच्या माळावर त्याने रुग्णांवर उपचार केले, त्या कामात त्याच्याबरोबर राबताना सावित्रीबाईंना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. बालहत्या प्रतिबंधक गृहात वाढलेल्या मुलाचे पुढे काय झाले याचे एवढे तपशीलवार उत्तर या एकाच बाबतीत मिळते. बाकीची मुले इतिहासातून नाहीशी होतात.

दुसरे महत्त्वाचे केंद्र पंढरपूर. तेथे न्यायखात्यात नेमणुकीवर असलेले गुजराती गृहस्थ लालशंकर उमियाशंकर यांनी १८७५ साली बालहत्या प्रतिबंधक गृह स्थापन केले, आणि त्याचा कारभार मुंबईच्या प्रार्थना समाजाने, म्हणजे १८६७ साली स्थापन झालेल्या एकेश्वरवादी सुधारक मंडळीच्या संस्थेने, आपल्याकडे घेतला. पंढरपूरची निवड सहज समजण्यासारखी आहे. आषाढी-कार्तिकीला लाखोंची दाटी होणाऱ्या आणि एरवीही चातुर्मासासाठी, काला-कीर्तनासाठी बायाबापड्या येऊन राहणाऱ्या त्या क्षेत्रात परगावच्या विधवेने एखाद्या वाड्यात खोली घेऊन चार महिने काढले तर तिला कोणी हटकत नसे. उलट विठ्ठलाच्या पायाशी दिवस काढणारी म्हणून तिच्याकडे आदराने पाहिले जाई. याच कारणाने अडचणीत सापडलेल्या स्त्रियांना त्यांची माणसे तेथे आणून ठेवत, आणि याच कारणाने टाकलेली मुलेही तेथे सापडत. पुण्यातील गृह एका दांपत्याच्या आवारात आणि त्यांच्या अंगबळावर चालले. पंढरपूरच्या गृहाला पाठीशी समिती, वर्गणीदार आणि अहवाल लाभले, म्हणून पुण्याचे काम काळाच्या ओघात थांबले तरी पंढरपूरचे चालू राहिले. प्रार्थना समाजाचे कार्यकर्ते वा. बा. नवरंगे यांच्या नावाने पुढे तो बालकाश्रम ओळखला जाऊ लागला. लालशंकर गुजरातेत परतल्यावर १८९२ साली अहमदाबादेत गुजराती सुधारक महिपतराम रूपराम यांच्या स्मरणार्थ अनाथाश्रम उभा राहिला त्यामागेही त्यांचाच पुढाकार होता, तेव्हा चंद्रभागेकाठी घेतलेला अनुभव साबरमतीकाठी उपयोगी पडला असे म्हणण्यास हरकत नाही.

पंढरपूरच्या संस्थेचे स्वरूप बदलण्यास दुष्काळही कारणीभूत झाला. १८७६ ते १८७८ या काळात दख्खनवर जे संकट कोसळले त्याची झळ सोलापूर जिल्ह्याला फार तीव्र लागली, आणि आईबाप मेलेली किंवा अन्नाच्या शोधात मागे राहिलेली, चालती-बोलती, आपले नाव-गाव सांगू शकणारी मुले गोळा होऊ लागली. याच दुष्काळात १८७७ साली फुले दांपत्याने धनकवडी येथे व्हिक्टोरिया बालाश्रम उघडून मुलांना भाकरी खाऊ घालण्याची व्यवस्था केली. तान्ह्या मुलाला बोंडले आणि मांडी लागते. सात-आठ वर्षांच्या मुलाला अन्न, कपडे, पाटी, शिस्त आणि उद्या पोट भरण्यासाठी एखादे कसब लागते. एकाच छपराखाली दोन्ही प्रकारची मुले आली की घराची घडी आपोआप बदलते : पहाटे दूध तापवणाऱ्या चुलीवरच पुढे पिठले-भाकरीची तवली चढते, लंगोट-दुपट्यांच्या जोडीला मोठ्यांच्या कपड्यांचे धुणे पडते, डोक्यातल्या उवा आणि बोटांमधली खरूज काढायला एक वार मुक्रर होतो, देवी काढणारा सरकारी माणूस आला की सगळ्यांना रांगेत बसवावे लागते, आणि दहा वर्षांची मुलगी दोन वर्षांच्या पोराला कडेवर घेऊन हिंडू लागते. मोठ्या मुलीने धाकट्याला सांभाळण्याची ही पद्धत कोणी योजून आणली नव्हती. मोठ्या कुटुंबात जे घडते तेच तेथे घडले. तिच्यात त्या मुलीचे बालपण खर्ची पडले, हेही खरे, आणि त्याची किंमत कोणत्याही अहवालात मांडली गेली नाही.

पंडिता रमाबाई यांच्या केडगाव येथील मुक्तिसदनाने ही पद्धत जाणीवपूर्वक आणि फार मोठ्या प्रमाणावर राबवली. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि १९०० च्या दुष्काळात गुजरात-काठेवाडकडून आणलेल्या मुलींमुळे तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. एवढ्या मुलींना पगारी नोकरांच्या हातून वाढवणे अशक्य होते, म्हणून थोरल्या मुलींकडे धाकट्यांचे गट सोपवून आणि विणकाम, छपाई, तेलघाणा, धुलाई, गोठा असे उद्योग आवारातच उभारून रमाबाईंनी ते घर चालवले. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकवण्याची सोयही तेथे झाली. धर्मांतरावरून झालेल्या वादात या कामाचे मोल झाकोळून गेले, आणि त्या वादाच्या प्रतिक्रियेतून हिंदू अनाथालये काढण्याची चळवळ जोर धरू लागली, तिचा ऊहापोह इतरत्र पुष्कळ झालेला आहे. येथे नोंदवण्यासारखी गोष्ट एवढीच की उपाशी, हगवणीने खंगलेल्या मुलीला एकदम पोटभर अन्न दिले तर ती दगावते, तिला आधी पेज आणि मग हळूहळू घट्ट अन्न द्यावे लागते, हे व्यवहारज्ञान महाराष्ट्रातील बालसंगोपनात अशा दुष्काळी मुलांमुळे मुरले.

मुले सांभाळण्याचे काम हे शिकून घेण्याचे काम आहे, ही जाणीव विसाव्या शतकाच्या आरंभी रुजली. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनाने ससून रुग्णालयाच्या साहाय्याने विधवा आणि परित्यक्ता स्त्रियांना परिचारिका व सुईणीचे शिक्षण देण्यास सुरुवात केली. ज्या स्त्रीला अर्ध्या शतकापूर्वी गुपचूप बाळंत होण्यासाठी आडोसा शोधावा लागला असता तीच आता पांढरे लुगडे नेसून, हात साबणाने धुऊन, दुसऱ्याच्या मुलाची नाळ निर्जंतुक कात्रीने कापू लागली. या एका बदलाने जेवढी अर्भके वाचली असतील तेवढी सभा-ठरावांनी खचित वाचली नाहीत.

मुंबईत मात्र अनाथ मुलांची व्यवस्था वेगळ्या मुळातून वाढली, आणि तिचा ठसा आजच्या बालगृहांवर अधिक खोल उमटला आहे. रस्त्यावर भटकणारे मूल हे उद्याचे गुन्हेगार आहे असे धरून चालणाऱ्या कायद्यांची ती परंपरा : १८५० चा उमेदवारी कायदा, म्हणजे अनाथ व दरिद्री मुलांना कारागिराच्या हाताखाली करारबद्ध करणारा कायदा, १८५७ साली डेव्हिड ससून यांच्या देणगीतून निघालेली सुधारशाळा, १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळा कायदे, आणि शेवटी १९२४ चा मुंबई बालक कायदा. या शेवटच्या कायद्याच्या अंमलबजावणीसाठी १९२७ साली चिल्ड्रेन्स एड सोसायटी ही संस्था स्थापन झाली आणि तिचे रिमांड होम, म्हणजे चौकशी पुरी होईपर्यंत मुलांना ठेवण्याचे ठिकाण, डोंगरीला उमरखाडीच्या जुन्या तुरुंगाच्या इमारतीत भरले. तुरुंगासाठी बांधलेल्या भिंतींच्या आत मुलांना ठेवले की दिनक्रमही त्या भिंतींना साजेसा होतो : घंटेवर उठणे, रांगेत उभे राहून हजेरी, रांगेत आंघोळ, रांगेत ताट, एकाच मापाने कापलेले केस आणि एकाच कापडाचे शर्ट, आणि संध्याकाळी पुन्हा मोजदाद. यात क्रूरपणा असलाच पाहिजे असे नाही. शेकडो मुलांना थोड्या माणसांनी सांभाळायचे तर मोजणे हेच काळजीचे मुख्य साधन बनते. परंतु पंढरपूरच्या पाळण्यातून आलेली पद्धत आणि डोंगरीच्या हजेरीपटातून आलेली पद्धत यांचा संगम पुढे १९४८ च्या सुधारित कायद्याने आणि स्वातंत्र्योत्तर काळातील सरकारी बालगृहांनी केला, तेव्हा हजेरीपट वरचढ ठरला. ‘गृहमाता’ हे पद निर्माण झाले आणि गृहमातेचा बराचसा दिवस रजिस्टरे भरण्यात जाऊ लागला.

या ओघाला उलट दिशा मिळाली ती दत्तकाच्या कायद्यातून. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने मुलींचे दत्तक मान्य केले, जातीची अट काढून टाकली आणि स्त्रीलाही दत्तक घेण्याचा हक्क दिला. तरीही ज्याचे आईबाप ठाऊकच नाहीत अशा मुलाला दत्तक द्यायचे कोणी, हा जुना पेच तसाच राहिला होता. १९६२ च्या दुरुस्तीने टाकलेल्या आणि जन्मदाते अज्ञात असलेल्या मुलास न्यायालयाच्या परवानगीने पालक म्हणून संस्थेला दत्तक देता येईल असे स्पष्ट केले, आणि यशवंताच्या वेळी मृत्युपत्राच्या आडवळणाने जे साधावे लागले ते अठ्ठ्याऐंशी वर्षांनी सरळ मार्गाने शक्य झाले. पुण्यात ससून रुग्णालयाच्या आवारात मागे सोडलेल्या अर्भकांसाठी १९७३ साली सुरू झालेले ‘श्रीवत्स’ हे या नव्या युगाचे उदाहरण आहे : तेथे मूल वाढवायचे ते तेथेच ठेवण्यासाठी नव्हे, तर लवकरात लवकर एखाद्या घरी पोचवण्यासाठी. परदेशी दत्तकातील गैरप्रकारांवर सर्वोच्च न्यायालयाने लक्ष्मीकांत पांडे यांच्या अर्जावर १९८४ साली दिलेल्या निकालाने या प्रक्रियेला शिस्त लावली. मूल लवकर घरी जावे या आग्रहामागे केवळ जागेची टंचाई नव्हती. अंगाखांद्यावर घेणारा एकच ठरावीक माणूस नसेल तर भरल्या पोटीही मूल खुरटते, हे जॉन बोल्बी यांनी १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिलेल्या अहवालात मांडले होते, आणि अशा पाळणाघरांत काम करणाऱ्या आयांना ते अहवालाविनाही ठाऊक होते : वीस पाळण्यांच्या खोलीत दीर्घकाळ राहिलेले मूल रडणे सोडून देते, आणि शांत मुलापेक्षा आक्रोश करणाऱ्या मुलाची काळजी कमी करावी लागते, हे त्या एकमेकींना सांगत आल्या आहेत.

२०१५ च्या बाल न्याय कायद्यात १८६३ च्या जाहिरातीतील जवळजवळ प्रत्येक मुद्दा कायद्याच्या भाषेत उतरलेला दिसतो. मूल सांभाळणे शक्य नसलेल्या आईला ते बालकल्याण समितीपुढे, म्हणजे जिल्ह्यातील मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या अर्धन्यायिक मंडळापुढे, स्वाधीन करता येते; तिचे नाव गुप्त राहते; निर्णयाचा फेरविचार करण्यासाठी तिला साठ दिवस मिळतात; आणि परिस्थितीपुढे हतबल होऊन जन्मदात्यांनी मूल टाकले असेल तर ते हेतुपुरस्सर टाकले नाही असे गृहीत धरून शिक्षेची तरतूद त्यांना लागू होत नाही. दंड संहितेने मूल टाकणे हा गुन्हा ठरवल्यापासून कायद्याने ही माणुसकी दाखवायला दीडशेहून अधिक वर्षे घेतली, आणि पुण्यातील एका शूद्र मानल्या गेलेल्या दांपत्याने ती १८६३ सालीच दाखवली होती. साठ दिवसांच्या मुदतीत जुना पेच मात्र कायम आहे : त्या दोन महिन्यांत मूल आईविना शिशुगृहात असते, आणि अंगावरचे दूध त्याच्यापर्यंत पोचत नाही. काही शहरांत आता सुरू झालेल्या मातृदुग्धपेढ्या, म्हणजे इतर मातांनी दिलेले दूध निर्जंतुक करून साठवणाऱ्या पेढ्या, हे त्यावरचे आजवरचे सर्वांत समाधानकारक उत्तर आहे. १९८९ साली मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यांतील पहिली निघाली.

जी मुले दत्तक जात नाहीत, विशेषतः थोराड, आजारी वा अपंग, त्यांच्यासाठी गृह हेच घर राहते, आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की ते घर कायद्याने संपते. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे मतिमंद व अपंग अनाथ मुलांना आपले नाव देऊन आजन्म सांभाळणारे शंकरबाबा पापळकर यांनी या वयोमर्यादेविरुद्ध वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. बाहेर पडलेल्या धडधाकट तरुणाची अडचण निराळी असते : शिधापत्रिका, जातीचा दाखला, रहिवासाचा पुरावा यांपैकी प्रत्येक कागद आईबापांच्या कागदावर उभा असतो आणि त्याच्याकडे तोच नसतो. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने अनाथांसाठी शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण लागू केले, तेव्हा त्यासाठी लागणारे अनाथ प्रमाणपत्र कशाच्या आधारे द्यायचे हा प्रश्न पुढे आला, आणि त्याचे उत्तर बहुतेकांच्या बाबतीत संस्थेच्या दाखल नोंदवहीतच शोधावे लागते : कोणत्या तारखेला, कोणत्या ठिकाणी, किती वजनाचे, कोणत्या कपड्यात मूल सापडले आणि त्या दिवशी कामावर असलेल्या बाईने त्याचे नाव काय ठेवले.